१२००×१००० ची पॅलेट अमेरिकेला चालत नाही का? सहा सुतांवरून अडलंय

चाकण_डिस्पॅच

नमस्कार मंडळी,

चाकणला गाड्यांसाठी बिडाचे ब्रॅकेट मशीनिंग करून पाठवणाऱ्या एका कारखान्यात मी डिस्पॅच बघतो. आठ वर्षं आमचा माल जर्मनीला जातोय. पॅलेट १२००×१००० मिमी, लाकडी, ठोकळ्यांची, चारही बाजूंनी फोर्कलिफ्टचे काटे जातील अशी. तिच्यावर ४००×३०० चे खोके. एका थरात चार उभे, सहा आडवे, बरोब्बर दहा. पाच थर, पन्नास खोके, कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे अँगल, पट्टी, स्ट्रेच रॅप. आमची पोरं डोळे मिटून लावतात.

यंदा त्याच ग्राहकाच्या अमेरिकेतल्या प्लांटची ऑर्डर आली. पहिला २० फुटी कंटेनर, दहा पॅलेट, ओहायोतल्या एका भाड्याच्या गोदामात उतरला. चौथ्या दिवशी मेल: पॅलेट मापाची नाही, माल उचलून ४८×४० इंची पॅलेटवर लावावा लागला. पॅलेटमागे २२ डॉलरची डेबिट नोट आणि सोबत तीन फोटो. पहिल्यात पॅलेटची तळफळी सुटून खिळ्यांवर लोंबतेय. दुसऱ्यात पॅलेट रॅकमध्ये एका बाजूला जेमतेम टेकलीय. तिसरा फोटो माझ्या लेबलचा. त्यावर कुणीतरी लाल पेनाने गोल केलाय, पण कशाबद्दल ते लिहिलेलं नाही.

फोटो आमच्या मिस्त्रींना दाखवले. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, ४८ इंच म्हणजे १२१९, ४० म्हणजे १०१६ असं शेजारच्या फळीवरच मांडलं आणि म्हणाले, “साहेब, लांबीला सहा सूत, रुंदीला पाच सूत. एवढ्याने रॅक पडतो होय?” (नव्या पोरांसाठी: सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. देशात मेट्रिक येऊन साठ-पासष्ट वर्षं झाली, पण सुतारकामातून सूत काही गेलं नाही.)

माझाही प्रश्न तोच आहे. शेडच्या मागे ३४० पॅलेट पडून आहेत, सगळ्या एचटी (लाकूड तापवून ट्रीट केल्याच्या) शिक्क्याच्या. पर्चेसचे साहेब म्हणतात, कडेला पट्ट्या ठोका आणि ४८ करा. क्वालिटीवाले म्हणतात, आपली पॅलेट आयएसओच्या मापाची आहे, भांडा. दुसरा कंटेनर २२ तारखेला लागायचाय. खरंच या १९ मिमीला एवढा अर्थ आहे, की नवा पुरवठादार बघून हात धुऊन घेतायत?

सातारकर_इंडियाना

दादा, मी मूळची साताऱ्याची. इथे इंडियानात एका गोदामात शिफ्ट लीड आहे, त्यामुळे तुमचे तीन फोटो न बघताच ओळखले. उलट्या क्रमाने सांगते.

तिसरा फोटो आधी. लेबलवर वजन कसं लिहिलंय? नुसतंच ‘९३०’ असेल तर लाल गोल त्याचाच. इथे रॅकच्या पाटीवर भार पौंडात असतो, फोर्कलिफ्टच्या प्लेटवर पौंडात असतो. एकक नसलेला आकडा दिसला की माणूस पौंडच धरतो. ९३० किलो म्हणजे २०५० पौंड. ९३० पौंडांची समजून पोराने ती वरच्या कप्प्यात हलक्या मालाशेजारी ठेवायला नेली असणार आणि उचलताना मशीनने कुरकुर केली असणार. आमच्याकडे अगदी असंच झालंय. पॅलेटच्या मापापेक्षा मला हे जास्त भीतीदायक वाटतं. मोठ्या अक्षरात दोन्ही लिहा, किलो आणि पौंड.

आता रॅक. इथे दोन तऱ्हा बघायला मिळतात. साधा रॅक असेल, पुढे-मागे आडवे बीम आणि त्यावर पॅलेट, तर तुमची पॅलेट खुशाल बसते. फ्रेमची खोली बहुतेक ४२ इंच असते आणि ४८ इंची पॅलेट पुढे-मागे तीन-तीन इंच बाहेर राहावी असाच तो हिशोब असतो. तुमची १२०० म्हणजे सव्वासत्तेचाळीस इंच. बाहेर अडीच इंचांहून जास्तच राहते, काही बिघडत नाही. ९६ इंची बीमवर ४० च्या तोंडाच्या दोन पॅलेट बसतात, तिथे तुमच्या १००० च्या दोन बसल्या तर उलट जागा उरते. फक्त आडवी फिरवून ठेवली तर १००० ची बाजू ४२ च्या मधून सरळ खाली जाईल. पण तशी तर ४० ची पण जाते, त्यात मेट्रिकचा दोष नाही.

तुमच्या फोटोत ‘एका बाजूला जेमतेम टेकलीय’ म्हणताय, तर तो ड्राइव्ह-इन रॅक असणार. त्यात खाली बीम नसतो. दोन बाजूंना दोन रूळ, पॅलेटच्या फक्त कडा त्यावर टेकतात आणि फोर्कलिफ्ट मधून आत शिरते. आमच्याकडचे रूळ ४० इंची पॅलेट धरून लावलेत. पॅलेट जराशी डावीकडे सरकली की सगळे १६ मिमी उजवीकडून जातात, दोन्हीकडे वाटून जात नाहीत. आणि तुमचा सुतार कधी नेमकं १००० कापतो का, तेही एकदा मोजून बघा.

तळफळीचं सांगायचं तर इथली हँड पॅलेट ट्रक २७ इंच रुंद, काटे ४८ इंच लांब. तुमच्या पॅलेटमध्ये काटा पूर्ण आत गेला की टोक पलीकडून पाऊण इंच बाहेर येतं आणि पुढचं चाक शेवटच्या तळफळीच्या काठावर चढतं. मग दांडा मारला की पॅलेट वर जाते, फळी खालीच राहते. आमच्याकडे जपानहून, युरोपातून माल येतो तेव्हा आम्ही काट्यावर पिवळ्या रंगाची रेघ मारतो, की इथपर्यंतच घाल. पण भाड्याच्या गोदामात, तासावर पैसे घेणाऱ्या माणसाला रेघ बघायला सवड नसते.

आयएसओवरून भांडू नका हं. आयएसओ ६७८० च्या यादीत सहा मापं आहेत आणि १२००×१००० च्या बरोबरीने १२१९×१०१६ पण त्यात आहे. समोरचा तेच पान उघडून दाखवेल.

शेवटचं, आणि हे मेल करण्याआधी वाचा. ४८×४० हे किराणा मालवाल्या कंपन्यांच्या संघटनेने रूढ केलेलं माप. म्हणून जुने लोक अजून जीएमए पॅलेट म्हणतात. तुमचा माल गाड्यांचा आहे. इथल्या वाहन उद्योगात ४८×४५ चा वेगळा पाया चालतो, त्यांचे क्रेट १२×१५, २४×१५ असे त्याच भागाकारातले. गोदामाने ४८×४० मागितलं म्हणजे प्लांटच्या लाइनला तेच लागतं असं नाही. नवीन ५०० पॅलेट बनवून बसाल आणि मग दुसरी डेबिट नोट येईल.

चाकण_डिस्पॅच

ताई, हात जोडतो. लेबलवर ‘जी.डब्ल्यू. ९३०’ (म्हणजे एकूण वजन) एवढंच आहे. जर्मनीला आठ वर्षं तेच गेलं, तिथे कुणाला किलोशिवाय दुसरं काही सुचत नाही, त्यामुळे आम्हालाही कधी सुचलं नाही.

आत्ता जेवणाच्या सुट्टीत टेप घेऊन शेडमागे गेलो. वीस पॅलेट मोजल्या. एकही १००० भरली नाही. बहुतेक ९९६, ९९५, एक तर ९९२. लांबीला ११९४ च्या आसपास. मिस्त्रींना विचारलं तर म्हणाले, “करवत खाते ना साहेब. आणि कंटेनरात अडकण्यापेक्षा कमी बरी.” म्हणजे ओहायोत रुळावर १६ नाही, वीस-बावीस मिमी कमी पडले. पाच सूत नाही, सात सूत झाले. गंमत म्हणजे टेपच्या एका कडेला इंच आणि दुसऱ्या कडेला मिमी. इतकी वर्षं टेप हातात धरतोय, पण दोन्ही कडा कधी एकत्र वाचल्या नव्हत्या.

४८×४५ हे मी आज पहिल्यांदा ऐकतोय. विचारतो.

आता पट्ट्या ठोकण्याचं कुणी सांगेल का? साहेब त्यावरच अडून बसलेत. ३४० पॅलेट म्हणजे काही कमी पैसा नाही.

भोसरीचा_पॅलेटवाला

साहेब, तुमच्या साहेबांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, पट्टी ठोकू नका.

कारण एक लाकडाचं आणि एक कायद्याचं. लाकडाचं असं, की कडेच्या फळीला बाहेरून पाऊण इंचाची पट्टी लावली तर ती खिळ्यावर लटकते. काटा चुकून लागला की पहिली तीच जाते. रुळावर वजन घ्यायचं असतं ठोकळ्याने आणि ठोकळा आहे तिथेच राहिला. वरून प्लायवूडची ४८×४० ची टोपी टाकायची कल्पनाही एक गिऱ्हाईक माझ्याकडे घेऊन आलं होतं. वर टोपी मोठी, खाली पाय तेवढेच. फोटोत छान दिसते, रॅकमध्ये पूर्वीइतकीच पडते.

कायद्याचं म्हणजे शिक्क्याचं. एचटी म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटं. त्यानंतर तो गव्हाच्या लोंबीचा शिक्का. आता त्या पॅलेटला तुमच्या शेडमधली कच्ची पट्टी ठोकली की शिक्का खोटा झाला. दुरुस्ती करायची तर लावलेलं लाकूडही ट्रीट केलेलं आणि शिक्क्याचं हवं. साधारण तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लाकूड बदललं तर जुने शिक्के पुसून अख्खी पॅलेट पुन्हा ट्रीट करायची, नवा शिक्का मारायचा. अमेरिकेच्या बंदरावर हे बघतात. तिथे अडकला तर २२ डॉलर परवडले म्हणाल. ठोकायचीच हौस असेल तर प्लायवूड चालतं, त्याला ट्रीटमेंटची अट नाही. पण वरचं टोपीचं रडगाणं आहेच.

तुमच्या ३४० फुकट जात नाहीत. जर्मनीचा माल चालू आहे ना? तिकडे लावून संपवा. त्यात काय एवढं!

नवीन ४८×४० ला लाकूड किती जास्त लागतं? क्षेत्रफळ काढा, तीन टक्क्यांच्या थोडं वर. तेवढ्याच खिळ्या, तेवढेच ठोकळे. कुणी तुम्हाला ‘अमेरिकन साइज’ म्हणून वीस टक्के वाढवून भाव लावला तर माझ्याकडे या. आणि एक आतली गोष्ट. आमचा पाइन गांधीधामकडून येतो, घनफुटावर घेतो, फळी चार इंच बाय सहा सूत. म्हणजे लाकूड इंचातच जन्मतं, जर्मनीसाठी आम्ही ते मिमीत कापतो. अमेरिकेसाठी कापायचं म्हणजे मिस्त्रीला उलट सोपं. फक्त ड्रॉइंगवर ‘४८ बाय ४०, उणे नको’ असं मराठीत लिहून द्या. उणे दोन मिमी दिलंत की तो उणे आठ करतो, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे. स्टॉपर ब्लॉक लावून कापायला सांगा, टेपने आखून नाही.

तळफळ्यांचं ताई म्हणाल्या ते बरोबर. दोन्ही टोकांच्या तळफळ्यांच्या आतल्या कडा पटाशीने तिरप्या उडवून द्या, म्हणजे चाक चढून उतरतं, अडकत नाही. फळीला दोनऐवजी तीन खिळे, तेही रिंगवाले. गुळगुळीत खिळा उपटतो.

न्हावाशेवा_२०फुटी

मी फॉरवर्डिंगवाला, म्हणजे लोकांचा माल जहाजाने रवाना करणारा, म्हणून फक्त कंटेनरचं बोलतो. बाकी वरच्या लोकांनी छान सांगितलंय.

पॅलेट मोठी केली की कंटेनरात कमी बसतील, ही भीती बहुतेकांना वाटते. ४८×४० च्या बाबतीत ती फुकाची आहे. आत रुंदी २३५२ मिमी. एक पॅलेट आडवी, एक उभी: १२००+१००० केली तर १५२ मिमी उरतात, १२१९+१०१६ केली तर ११७. लांबी ५८९८. डाव्या रांगेत तीन आडव्या आणि दोन उभ्या, उजवीकडे तीन उभ्या आणि दोन आडव्या. लांब रांग ५६८९ पर्यंत जाते. म्हणजे तुमच्या दहा पॅलेट दहाच राहतात. उलट बाजूची फट कमी झाल्याने फटीत फुगवून घालायची एअरबॅग कमी लागते. ४० फुटीत दोन्ही मापांच्या २० किंवा २१. (कागदावर १२००×१००० च्या २२ बसतात, कारण १००० च्या बारा म्हणजे १२ मीटर आणि आतून ३२ मिमी उरतात. त्या ३२ मिमीत कधी फोर्कलिफ्ट चालवून बघा.)

४००×३०० चे खोके तसेच ठेवा. ४८×४० वर तेच दहा बसतील आणि चारही कडांना आठ-नऊ मिमी लाकूड रिकामं दिसेल. हे चांगलं आहे. वाईट कधी होतं, तर अमेरिकन २४×१६ इंची खोका तुम्ही १२०० च्या पॅलेटवर लावता तेव्हा. तो कडेबाहेर लोंबतो, आणि पुठ्ठ्याच्या खोक्याची सगळी ताकद कोपऱ्यात असते. कोपराच हवेत गेला तर खालचा थर बसतो. थोडक्यात मिमीचा खोका इंचाच्या पॅलेटवर चालतो, इंचाचा मिमीवर नको.

पण ताईंनी ४८×४५ म्हटलं, तिथे माझे कान टवकारले. ४८ आणि ४५ शेजारी शेजारी लावले तर २३६२ मिमी होतात. कंटेनर २३५२. दहा मिमीने हुकतं! म्हणून ४५ ला ४५ लावून जोड्याच कराव्या लागतात, लांबीला ४८. २० फुटीत चार जोड्या, आठ पॅलेट. दोन पॅलेटची जागा गेली. ४० फुटीत १८. भाव पाठवण्याआधी हे धरा, नाहीतर भाडं तुमच्या अंगावर येईल.

बाकी आपली युरोपची मंडळी कंटेनरला शिव्या देतात त्याचं मूळही हेच. डबा फुटांत जन्मला, बाहेरून ८ फूट, २४३८ मिमी. दोन १२०० शेजारी घातल्या तर २४००. बाहेरून मोजलं तर बसतात, आत पत्र्याने खाल्लं.

सातारकर_इंडियाना

@न्हावाशेवा_२०फुटी, दहा मिमीचं मला माहीत नव्हतं. आमच्याकडे ४८×४५ येतात त्या ट्रेलरने, कंटेनरने नाही. ट्रेलर आतून १०० इंचांच्या आसपास, तिथे ४८ ला ४८ पण लागतात. ५३ फुटी ट्रेलरमध्ये ४८×४० सरळ लावल्या तर २६, आडव्या लावल्या तर ३०. त्यामुळे इथल्या माणसाला समुद्रावरून येणाऱ्या डब्याचं दुखणं कळतच नाही.

दादा, अजून एक. डेबिट नोटला उत्तर देताना ‘आमच्या रिकाम्या पॅलेटचं काय केलंत’ हे विचारा. ४८×४० रिकामी झाली की इथे जुन्या पॅलेट घेणारे लोक गाडी घेऊन येतात, पैसे देऊन नेतात. १२००×१००० ला कुणी विचारत नाही, ती लाकडाचे तुकडे करणाऱ्या चिप्परमध्ये जाते आणि त्याचेही पैसे मोजावे लागतात. २२ डॉलरमध्ये तो खर्च धरलाय का ते कळेल.

चाकण_डिस्पॅच

उत्तर यायला नऊ दिवस लागले, म्हणून उशिरा लिहितोय.

ग्राहकाला तीनच गोष्टी विचारल्या होत्या. गोदामात आमच्या मालाला कुठला रॅक, हँड पॅलेट ट्रक की फोर्कलिफ्ट, आणि प्लांटच्या लाइनला कुठलं माप. उत्तर असं आलं: गोदामात अर्धा भाग ड्राइव्ह-इन, अर्धा साधा. २२ तारखेचा कंटेनर आहे त्याच पॅलेटवर पाठवा, आम्ही साध्या रॅकमध्ये घेतो, डेबिट नाही. मात्र लेबलवर पौंड हवेत. (लाल गोल त्याचाच होता, ताई. तुमच्या तोंडात साखर पडो.) पुढचे कंटेनर ४८×४० वर. रिकाम्या पॅलेटची विल्हेवाट त्या २२ डॉलरमध्ये धरलेली होती. पहिल्या कंटेनरची डेबिट नोट मात्र त्यांनी मागे घेतली नाही. २२० डॉलर आमच्या साहेबांनी ‘प्रशिक्षण खर्च’ म्हणून टाकले, म्हणजे माझ्या नावावर टाकले.

कालच मिस्त्रींनी ४८×४० ची पहिली पॅलेट ठोकली. भोसरीकरांचं ऐकून स्टॉपर ब्लॉक लावला, तळफळीच्या कडा तिरप्या केल्या. मी टेप लावला तर १२१९ आणि १०१७. मिस्त्री म्हणाले, “एक मिमी जादा आहे, काढू का?” म्हटलं, हात लावू नका.

आणि आता नवी कटकट. प्लांटकडून वेगळा मेल आलाय: मार्चपासून थेट लाइनला माल हवा असेल तर ४८×४५. मी बसून मांडलं. १२१९×११४३ वर आमचे खोके एका थरात अकरा बसतात, आठ उभे आणि तीन आडवे. रुंदीला ४३ मिमी रिकामे. पाच थरांचे ५५ खोके. पण कंटेनरात आठच पॅलेट, म्हणजे ४४० खोके. आज दहा पॅलेटवर ५०० जातात. साठ खोके किनाऱ्यावर राहतात. सहावा थर चढवला तर ६६ खोके होतात, पॅलेट बाराशे किलोच्या वर जाते आणि सगळ्यात खालचा पुठ्ठा सात प्लायचा करावा लागेल बहुतेक.

न्हावाशेवाकर, ४० फुटीत १८ पॅलेट आणि पाच थर धरले तर प्रति खोका भाडं किती पडतं ते मला खासगीत पाठवाल का? माल महिन्याला साधारण ९०० खोके आहे.